शुक्रवारचं वाकडं कोलम

मला मतं फार. चेन्नईत गिंडीच्या ऑफिसात मी मोटारींच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर तपासतो, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढतो, आणि संध्याकाळी ती सवय माझ्याबरोबर घरी येते. घडीचा फोन घ्यावा का, हेडफोनचं भोक बुजवणाऱ्या कंपन्यांना काय शिक्षा द्यावी, फ्रीजला इंटरनेट कशाला हवं, या सगळ्यावर माझं ठाम मत आहे आणि ते कुणी विचारायची मी वाट बघत नाही. मुलांना पैसे घेऊन तलवारी विकणारे गेम हे गेम नव्हेत, जुगार आहेत. 'पासवर्ड लक्षात राहत नाही' म्हणणाऱ्याला शाळेत आपला डबा कुणी खाल्ला होता ते तीस वर्षांनी आठवतं, म्हणजे प्रश्न स्मरणशक्तीचा नाही, कळकळीचा आहे. ही मतं मी 'मंदारचं मत' नावाच्या माझ्या पानावर टाकतो. अकराशे माणसं ती वाचतात. त्यातली निम्मी भांडायला येतात, पण येतात.

सैदापेटला मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली घरमालक कृष्णकांतमामा आणि शैलामामी. दोघांची घराणी तंजावरची मराठी, तीनेकशे वर्षांपासून इकडची. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जुन्या बखरीतलं कुणीतरी तमिळ चालीत बोलतंय असं वाटलं होतं. आता मला ते इतकं आवडतं की सुट्टीत नाशिकला गेलो की आईचं बोलणं सपक वाटतं. हे आईला सांगितलेलं नाही.

मामींची एकच चैन. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता त्या टॅबलेट घेऊन झोपाळ्यावर बसतात आणि नेदरलँड्समधल्या नातीबरोबर, रेवाबरोबर, गेम खेळतात. ठोकळे रचून गाव उभारायचा गेम. तीन वर्षांत दोघींनी मिळून चेन्नईजवळचं समुद्रकाठचं कोवलम अख्खं उभं केलंय: वाळू, जाळी, मासळीचा लिलाव, बसथांबा, थांब्यावर झोपलेलं कुत्रंसुद्धा. रेवा घरात इंग्रजी बोलते, शाळेत डच. मराठी बोलते ती फक्त या गावात, आज्जीशी. 'आज्जी, वाळू संपलं, अजून घाल!' असं खालून ऐकू आलं की मी वर कामात असलो तरी हसतो.

गाव मामींच्या खात्यावर आहे. त्या आत आल्या तरच ते उघडतं. आणि येत्या रविवारी रेवाला दहा वर्षं पूर्ण होत होती. चार महिने खपून दोघींनी एक होडी बांधली होती, तिच्यावर 'रेवा' असं नाव होतं, आणि वाढदिवसाला ती समुद्रात सोडायची होती. मामींनी त्यासाठी गेममध्ये नारळसुद्धा मिळवला होता. कसा, ते मला अजून कळलेलं नाही. माझ्या माहितीप्रमाणे त्या गेममध्ये नारळ मिळत नाही.

आता माझे प्रताप.

दोन वर्षांपूर्वी मला कळलं की मामींच्या खात्याचा पासवर्ड त्यांचं स्वतःचं नाव आहे. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मी बावीस अक्षरांचा पासवर्ड केला आणि वर दुसरं कुलूप लावलं: नव्या यंत्रावरून आत शिरायचं तर फोनवर दर अर्ध्या मिनिटाला बदलणारा सहा आकडी कोडही द्यावा लागणार. हा फोन कुणाचा? मामींचा सहा वर्षांचा, त्याला सुरक्षेची अपडेट येणं बंद झालेलं. त्यावर भरवसा नको म्हणून ते दुसरं कुलूप मी माझ्या जादा फोनवर ठेवलं. शेवटी गेमने एक आठ आकडी बचाव-कोड दिला. सगळं हरवलं तर तो एकदा वापरायचा. मी टॅबलेट मामींच्या हातात दिला, पाठ फिरवली आणि भिंतीकडे बघून बजावलं, "हा कागदावर लिहायचा नाही. फोटो काढायचा नाही. कुणाला सांगायचा नाही, मलासुद्धा नाही. नुसता जपायचा."

"सरी," म्हणजे बरं, मामी म्हणाल्या. मी मनात म्हटलं, यांना सकाळच्या गोळ्या आठवत नाहीत, कोड कुठला राहतोय. पण नियम तो नियम.

गेल्या महिन्यात मी तो जादा फोन एक्स्चेंजमध्ये देऊन घडीचा फोन घेतला. देण्याआधी जुना फोन तीन वेळा पुसला. जुना फोन कसा पुसावा यावर माझा एक लेखही आहे, त्याला बरीच दाद मिळाली. मग या गुरुवारी संध्याकाळी, वाढदिवसाला टॅबलेट अडखळायला नको म्हणून, मामींचा टॅबलेट मी साफ केला. सगळं काढलं, सगळं नव्याने घातलं. गेम उघडला. पासवर्ड दिला. त्याने सहा आकडी कोड मागितला.

मी खिशात हात घातला आणि माझा हात तिथेच राहिला.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मी मामींना म्हटलं, "अपडेट चाललंय, रविवारपर्यंत राहू दे माझ्याकडे," आणि टॅबलेट घेऊन जिना चढलो. गेमवाल्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं: खातं आपलंच आहे हे तपासायला एकवीस कामाचे दिवस. खाली हसरा चेहरा. शुक्रवारी सकाळी पुन्हा लिहिलं, तोच चेहरा पुन्हा आला.

त्या शुक्रवारी ऑफिसला निघालो तर दारात मामींचं वाकडं कोलम होतं. त्याबद्दल सांगायला हवं. तांदळाच्या पिठाची रांगोळी, म्हणजे कोलम, मामी रोज पहाटे काढतात, आणि त्यांचा हात असा की डिसेंबर-जानेवारीतल्या मार्गळी महिन्यात गल्लीतल्या स्पर्धेत त्यांना बक्षीस ठरलेलं असायचं. आधी पुळ्ळी, म्हणजे ठिपके, मग त्यांच्याभोवती न तुटणारी रेघ. पण गेली दोनेक वर्षं दर शुक्रवारी त्या एक भलतंच कोलम काढत. एका ओळीत चार ठिपके तर दुसरीत सात, खाली एकदम दोन, मधे एक कमळ, मग पुन्हा लांबलचक ओळ. मापात काही नाही. समोरची रंजनी सरळ म्हणायची, "मामींची नजर गेली." स्पर्धेत मामींना आता कुणी बोलवत नाही. मला मात्र ते आवडायचं. एवढं सगळं डोक्यावर असतानाही मी त्या सकाळी घडीच्या फोनने त्याचा फोटो काढला आणि पानावर टाकला: 'सकाळच्या उजेडात कॅमेरा कसा आहे, बघा.' कोलम ओलांडलं आणि गेलो.

शनिवार तसाच गेला. जेवण जाईना. अहो, एका म्हातारीची होडी मी बुडवली होती, तीही समुद्रात जायच्या आधी. मामी खालून हाका मारत होत्या, "मंदारा, जाहलं कां रे?" आणि मी वरून "होतंय, होतंय" करत होतो. माझ्या आयुष्यात मी इतकं खोटं बोललेलो नाही. अकराशे लोकांसमोर चूक कबूल करणं एक वेळ जमलं असतं, मामींसमोर जमेना.

रविवारी चारला जिना उतरलो. मामींनी ठेवणीतली कांजीवरम नेसली होती, गेममध्ये ती कुणाला दिसणार नव्हती तरी. झोपाळ्यावर वाटीत खरा नारळही ठेवला होता.

"मामी," मी म्हटलं, "तुमचं गाव उघडत नाही. माझ्यामुळे. कुलपाची किल्ली ज्या फोनमध्ये होती तो मी विकला. गुरुवारपासून मला माहीत आहे. सांगायचा धीर झाला नाही." माझा आवाज फुटला. छत्तीस वर्षांच्या माणसाला हे शोभत नाही, पण फुटला.

कृष्णकांतमामांनी पेपर खाली घेतला. मामी झोपाळ्यावरून उठल्या.

"किल्ली गेली म्हणून रडतोस होय? अय्यो, मग ते आठ आकडे कशास दिलेस मजला?"

"तुम्हाला ते… आठवतात?"

"मजला नाहीं आठवत. हाताला आठवतात." त्यांनी पदर खोचला. "डबा आण पिठाचा."

मी डबा आणला. दाराबाहेर पायरीखालची फरशी त्यांनी ओल्या फडक्याने पुसली आणि ओणव्या झाल्या. भर चारच्या उन्हात कोण कोलम काढतं? समोरून रंजनी ओरडली, "मामी, आत्ता? ही काय वेळ?"

"नातीचा वाढदिवस आहे," मामी म्हणाल्या, आणि चिमटीतून ठिपके पडू लागले.

चार. सात. दोन. मग ओळ नाहीच, त्या जागी कमळ. मी डोक्याला हात लावला. कमळ म्हणजे शून्य. खाली नऊ, सहा, तीन. शेवटी आठ. पुढे रेघ ओढायची गरज नव्हती, पण मामींनी ती ओढली. ठिपके उघडे ठेवायचे नसतात म्हणे.

मी पायरीवर बसलो. दोन वर्षं. दर शुक्रवारी. लिहायचं नाही म्हटलं तर लिहिलं नाही, सांगायचं नाही म्हटलं तर नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. हाताने विसरू नये म्हणून दर आठवड्याला गिरवलं. गल्लीभर "नजर गेली" ऐकून घेतलं, स्पर्धेतलं नाव गेलं, तरी कोलम सरळ केलं नाही. आणि मी काय केलं? काखेत कळसा आणि गावाला वळसा. शुक्रवारी ते ओलांडून ऑफिसला गेलो आणि एकवीस दिवसांची पत्रं लिहीत बसलो.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं. खात्री करावी म्हणून मी माझं पान उघडून शुक्रवारचा फोटो शोधला. ठिपके मोजले. तेच. मग मागे गेलो. गेल्या वर्षीचा फोन, त्याचा कॅमेरा, तेच कोलम. त्याआधीचा, तेच. मामींचा गुप्त कोड मी स्वतःच्या हाताने, उत्तम उजेडात, अकराशे माणसांना नऊ वेळा दाखवला होता. पासवर्डशिवाय नुसत्या कोडने काही उघडत नाही हे खरं, पण तेवढंच खरं. खाली एका भांडकुदळ वाचकाने लिहिलं होतं, 'फोटो छान. सुरक्षेवर कधी लिहिणार?'

मी मामींना ते दाखवलं. आधी मामा हसले, मग मामी, आणि हसता हसता मामींच्या पिठाच्या हाताचे पांढरे ठसे कांजीवरमभर उठले. मीही हसलो. तीन दिवसांत पहिल्यांदा.

पाचला दहा मिनिटं होती. मी आठ आकडे भरले. गेमने एक क्षण विचार केला आणि कोवलम उघडलं: वाळू, जाळी, थांब्यावरचं कुत्रं. काठाला होडी तशीच उभी.

"आज्जी! तू लवकर आलं!" टॅबलेटमधून आवाज आला.

"तुजसाठी आलें, कण्णा," मामी लाडाने म्हणाल्या. "ये, होडी लोटूं."

दोघींनी होडी लोटली. मामींनी गेममधला नारळ फोडला, तेवढ्यात मामांनी अंगणात खराही फोडला. होडी जरा डुलली, मग लाटेवर गेली, आणि रेवा डचमध्ये, इंग्रजीत आणि मराठीत एकदमच किंचाळली. मला त्या आवाजातलं एकच वाक्य नीट कळलं: "आज्जी, आपली होडी चालते!" त्यावर मी नारळाचा सगळ्यात मोठा तुकडा खाल्ला आणि कुठल्याच गोष्टीवर मत दिलं नाही.

गेमने मामींना नवा बचाव-कोड दिला, पहिला वापरून संपला म्हणून. मी पाठ फिरवली, भिंतीकडे बघितलं आणि काही बजावलं नाही.

त्या रात्री जेवण गेलं, दोन वेळा वाढून घेतलं. सोमवारी खाली जाऊन मामींसमोर बसलो. माझ्या स्वतःच्या सगळ्या पासवर्डांच्या तिजोरीचा बचाव-कोड आजवर मी जिवंत माणसाला दाखवलेला नाही. तो एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्यापुढे सरकवला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, बोटांनी हवेत काहीतरी मोजलं आणि चिठ्ठी समईच्या ज्योतीवर धरली.

शुक्रवारी ऑफिसला निघालो तेव्हा दारात दोन कोलमं होती, दोन्ही वाकडी. समोरून रंजनी हळहळत म्हणाली, "बघा, आता दोन काढतात." मी फोन खिशातच ठेवला. डावीकडचं कोलम मामींचं होतं, उजवीकडचं माझं. दोन्हींना पाय न लावता, ठिपके न मोजता मी बाहेर पडलो.