घडी मोडली

गंगाखेडच्या कापड बाजारात बन्सीधर शेठनं ‘येथे चेक स्वीकारले जातील’ अशी पाटी लावली, तेव्हा शेजारच्या दुकानदारांनी त्याला वेड्यात काढलं. ही त्र्याऐंशी सालची गोष्ट. नोट उजेडात धरून, बोटांनी चुरून मगच गल्ल्यात टाकणारा तो बाजार. तिथं कागदाच्या कपट्यावर सही घेऊन लुगडं देणं म्हणजे शुद्ध खुळेपणा होता. गिऱ्हाइकंही बिचकायची. सही केली आणि उद्या शेतच लिहून घेतलं तर, असं बायका एकमेकींच्या कानात विचारायच्या. पण शेठ खमक्या होता. कारखान्याला ऊस घालणाऱ्यांचे पैसे बँकेत पडायला लागले होते आणि बँकेची वेळ व्हायची वाट बघणारं गिऱ्हाईक तोवर दुसऱ्या दुकानात शिरतं, हे त्याला बरोबर कळलं होतं.

पाटीवर एवढंच लिहिलं होतं. कोणाचे चेक, ते लिहिलं नव्हतं. सत्यशीला सोनकांबळेची चूक झाली ती इथंच. मास्तरीणबाई ती, लिहिलेलं खरं धरायची तिला खोड.

चोवीस वर्षांची होती. गावातल्या एका हायस्कुलात नुकतीच लागली होती, पगार बँकेत जमा होई आणि कोरं चेकबुक पर्समध्ये घालून ती ऐटीत फिरे. पहिल्या पगारात मायला डाळिंबी इरकल लुगडं घ्यायचं, हे तिनं बी. एड.ला असतानाच ठरवून टाकलं होतं. माय म्हणजे सुलाबाई. नवरा लवकर गेलेला, दुसऱ्याच्या उसात खुरपून लेकीला शिकवलेली. लुगडं घ्यायचं ते आठवडी बाजारात, पालावरून, एवढंच तिला ठाऊक.

म्हणून ती पायरीशीच थबकली. “सत्या, बाजारातून घेऊ की पोरी. इथं कशाला?”

“वर ये. पाटी लावलीय त्यांनी,” सत्यशीला म्हणाली.

दुकानात आबासाहेब बसले होते. पोखर्णीकडचे मोठे बागायतदार. त्यांनी खुर्चीत रेलून चेकवर सही ओढली. शेठनं तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि न वाचताच गल्ल्यात ठेवला. सत्यशीलानं ते पाहिलं आणि तिची छाती उगाच फुगली. आपल्याही चेकचं असंच होणार, असं तिला वाटलं.

शेठनं तिचा चष्मा पाहिला, इस्त्रीची साडी पाहिली आणि कुणी तरी ऑफिसातली बाई असणार असं मानलं. “या म्याडम, बसा. मावशी, तुमीबी बसा गादीवर. काय दावू?”

डाळिंबी इरकल निघालं. लाल पदर, त्यावर पांढऱ्या रेघा. शेठनं स्वतःच घडी उलगडली आणि म्हणाला, “टाका की मावशी खांद्यावर. आरशात बघा.”

आरसा माणसाच्या उंचीचा होता. सुलाबाईच्या घरी होता तळहाताएवढा. त्यात कुंकवापुरतं कपाळ दिसे, तेही नवरा होता तोवर. इथं ती डोक्यापासून पायापर्यंत दिसली. ती लाजली, पदर नीट केला, पुन्हा बघितलं आणि हसली. मायला असं हसताना सत्यशीलानं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. तिनं चेकबुक काढलं, झोकात चेक लिहिला, सही केली आणि शेठपुढं धरला.

शेठनं हा चेक मात्र वाचला. “सोनकांबळे?”

“हो.”

“ऱ्हायला कुठं?”

तिनं वस्तीचं नाव सांगितलं. शेठनं चेक गादीवर टाकला आणि बोटं धोतराला पुसली. आवाज एका क्षणात बदलला. “ह्यो कागद उचला, बाई. चालायचा न्हाई.”

“बाहेर पाटी लावलीय तुम्ही. आत्ताच यांचा चेक घेतलात.”

“आबासाहेबांचं नाव वटतंय. पैसा काय, कुणाचाबी वटंल. पर नाव वटाय पाह्यजे ना.” शेठनं आबासाहेबांकडं बघून डोळा बारीक केला. “पाच वर्सं नामांतर नामांतर करून रान उठवलंय ह्यांनी. तिकडं विद्यापीठाला नाव पाह्यजे, आन् आता आमच्या गल्ल्यातबी नाव घाला म्हनायल्यात. रोख असंल तर ठिवा पायरीवर.”

नोट असती तर त्यानं घेतली असती, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. नोटेवर नाव नसतं. पायरीवर ठेवलेली नोट पाण्याचा शिंतोडा मारून त्यानं उचलली असती. पण तिच्याजवळ एस.टी.पुरते सुटे पैसे होते, बस्स.

“आन् घडी मोडली की ओ लुगड्याची!” शेठ ओरडला. “आता हे म्या कुन्या गिऱ्हाइकाला दावू?”

कापड मोजायचा लोखंडी गज भिंतीवर खिळ्याला टांगलेला होता. त्यानं तो काढला, लांबूनच सुलाबाईच्या खांद्यावरच्या लुगड्याखाली घातला आणि लुगडं गजावर तोलून अलगद उचललं. हात लागू नये म्हणून. गजाचं टोक म्हातारीच्या गळ्याला घासून गेलं. आबासाहेब रस्त्याकडं बघत बसले, जसं काही तिकडं वरात चालली होती.

 खाली उतरल्यावर सुलाबाई एवढंच म्हणाली, “ऊन लय झालंय.” त्यानंतर त्या दुकानाचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

सत्यशीलानं मात्र तो चेक शब्दकोशात ठेवला. चेक सहा महिन्यांत मेला. राग चांगला अकरा वर्षं जगला, खाऊन पिऊन धडधाकट. ती काही साध्वी नव्हती, आणि मीही तिला साध्वी करून सांगणार नाही. गोदावरीला पूर आला की ती आधी कापड बाजारात पाणी शिरलं का, ते विचारी. गावात कुठं आग लागली असं ऐकलं की तिच्या मनात पहिलं दुकान तेच येई, आणि दुसरंच काही जळालंय असं कळलं की ती चक्क हिरमुसे. वर्गात मुलांना क्षमेचा धडा शिकवी आणि घरी येऊन शब्दकोश उघडून बसे. शेठनं तिला हाकललं असतं तर एखादवेळी ती विसरली असती. पण तो गज तिला विसरता येईना.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं. वस्तीत पेढे वाटले. त्याच वर्षी जूनमध्ये सत्यशीला मुख्याध्यापिका झाली. शाळेला आणि वसतिगृहाला मिळून गणवेशाचं कापड घ्यायचं होतं. दोन दुकानांची कोटेशनं आली, दोघांचा भाव अगदी एकच. व्यापाऱ्यांचं आपसात ठरलेलं असणार. निवड मुख्याध्यापिकेवर सोडलेली आणि पैसे चेकनंच द्यायचे, असा संस्थेचा नियम. त्यातलं एक कोटेशन बन्सीधर शेठचं होतं. ते हातात घेतलं तेव्हा आपल्या बोटांना घाम आलाय हे तिला जाणवलं, आणि बरं वाटलं.

शेठ स्वतः आला. डोक्यावरचे केस सगळे पांढरे झालेले, तयार कपड्यांच्या दुकानांनी गिऱ्हाईक ओढून नेलेलं. ही ऑर्डर गेली तर दिवाळीला दुकान उघडायचं कशाच्या जोरावर, हे त्याच्या चेहऱ्यावरच दिसत होतं. तो दारातच हात जोडून उभा राहिला. टेबलावरची नावाची पाटी त्यानं नीट वाचली, पण ओळख मात्र पटली नाही. असल्या माणसांना आपण कुणाला काय केलं ते आठवत नसतं.

“सोनकांबळे म्याडम, गरिबाकडं लक्ष असू द्या.”

त्याच्या तोंडून ते आडनाव इतकं गोड निघालं की तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. “पण पैसे चेकनं मिळतील. चालेल?”

“चालेल? अवो, चेकच द्या म्हनतो म्या. चेकाएवढा भरोसा नोटंचाबी न्हाई. गंगाखेडात चेकाची पाटी पैल्यांदा म्याच लावली, इचारा कुनालाबी.”

“माहीत आहे,” ती म्हणाली.

तिनं त्याला तीन खेपा घालायला लावल्या. एकदा नमुना आणा म्हणून, एकदा निळा जरा गडद दाखवा म्हणून, आणि एकदा नुसतंच, ती शाळेच्या गच्चीतून त्याला भर उन्हात सायकल ढकलत येताना बघू शकेल म्हणून. पण मन काही भरेना. चौथ्या खेपेला तिनं सांगितलं, “कापड मी दुकानात येऊन बघते. आईलाही आणते. तिला एक लुगडं घ्यायचंय.”

शेठ हरखून गेला.

त्या संध्याकाळी सुलाबाई ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. सत्तरीला टेकलेली, पाठ वाकलेली. सत्यशीलानं सांगितलं तेव्हा तिनं हातातली शेंग तशीच धरून विचारलं, “कंचं दुकान?”

“तेच, माय.”

सुलाबाईनं शेंग फोडली. “येते,” म्हणाली.

आता सत्यशीलाला एकच धास्ती लागली. माय मवाळ. हात जोडलेला म्हातारा बघून ती विरघळली तर? ‘जाऊ दे पोरी, झालं गेलं’ म्हणाली तर? मग अकरा वर्षांचं सगळं पाण्यात. ज्या खांद्यावर गज लागला, तोच खांदा माफ करून मोकळा झाला तर लेकीनं कुणाच्या नावानं सूड घ्यायचा? त्या विचारानं तिला रात्री नीट झोपही लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शेठ पायरी उतरून सामोरा आला. “या माय, हळू या. धरा माजा हात.” सुलाबाईनं हात धरला नाही. ती एकटीच गुडघ्यावर हात टेकत वर चढली आणि थेट गादीवर जाऊन बसली. आरसा होता तिथंच होता. गजही होता, त्याच खिळ्याला. गादीवर दोन-तीन गिऱ्हाइकं होती, शेठनं त्यांना बाजूला सरकवलं.

“काय दावू, माय?”

“इरकल. डाळिंबी.”

शेठनं एक काढलं. सुलाबाई म्हणाली, “घडी मोडा.” त्यानं मोडली. तिनं बघितलं, मान हलवली. “दुसरं.” त्यानं दुसरं काढलं. “मोडा घडी.” मग तिसरं, मग सातवं. अंजिरी निघालं, मोरपंखी निघालं, फळ्या रिकाम्या होत चालल्या. शेठच्या सदऱ्याच्या पाठीला घाम फुटला, तरी तोंडावरचं हसू तो हलू देईना. दर वेळी सुलाबाई त्याच थंड आवाजात म्हणे, “मोडा.” गिऱ्हाइकं आपलं काम सोडून बघायला लागली. सत्यशीला मायकडं बघत राहिली. ही बाई मवाळ आहे असं आपल्याला कुणी सांगितलं होतं?

शेवटी डाळिंबीच एक लुगडं सुलाबाईनं खांद्यावर टाकलं आणि ती आरशासमोर उभी राहिली. बराच वेळ राहिली.

“लय शोभायलंय, माय,” शेठ म्हणाला. “शाळेची ऑर्डर आमची, तर हे माज्याकडून भेट.”

“भेट नको,” सत्यशीला म्हणाली. “चेक देते.” तिनं पर्समधून तो जुना चेक काढला आणि त्याच्यासमोर गादीवर ठेवला. “हा वटेल का, बघा.”

शेठनं चष्मा लावला. कागद पिवळा पडलेला, तारीख त्र्याऐंशीची, नाव त्याच्याच दुकानाचं, सही सोनकांबळे. त्यानं वर बघितलं, तिच्याकडं, मग आरशापुढच्या म्हातारीकडं. आता मात्र त्याला आठवलं. त्याचा चेहरा पडला तो सगळ्या दुकानानं पाहिला. पण ऑर्डर डोळ्यांपुढं होती. त्यानं तो मेलेला चेक दोन्ही हातांनी उचलला, कपाळाला लावला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, “चालंल, म्याडम. ह्योबी चालंल. न्हाई कसा वटंल?”

सत्यशीलाला वाटलं, झालं. यापेक्षा जास्त काय मिळणार होतं? तिच्या अंगातलं वारं उतरल्यासारखं झालं. तेवढ्यात माय आरशासमोरून वळली.

“शेठ, त्यो गज द्या जरा.”

“गज? कशाला, माय?”

“द्या तर.”

शेठनं खिळ्यावरचा गज काढला. तिच्या हातात दिला. सुलाबाईनं खांद्यावरचं लुगडं काढलं, दोन्ही हातांनी गजावर टाकलं आणि गजाचं टोक लांबूनच शेठच्या छातीपुढं धरलं.

“घडी मोडलीय,” ती म्हणाली. “आता हे आमी कसं घ्यावं?”

 सत्यशीलानं पर्समधून त्याचं कोटेशन काढलं, घडी घातली आणि गजावरच्या लुगड्यावर ठेवलं. म्हातारीचा हात वजनानं खाली यायला लागला, पण तिनं गज सोडला नाही. शेठनं पुढं होऊन लुगडं आणि कागद उचलून घेतले, तेव्हाच तिनं गज गादीवर टाकला. मग चेकसाठी हात पुढं केला. त्यानं तो तिच्या तळहातावर ठेवला.

पायरी उतरल्यावर सुलाबाई क्षणभर थांबली. पदरानं गळा पुसला, जिथं कधीकाळी गजाचं टोक घासलं होतं, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाकडं बोट केलं.

“सत्या, तिथं चेक घेत्यात का, इचार बरं,” ती म्हणाली. “डाळिंबीच घिऊ.”