फेट्यातला चाकू

अंबाजीराव एक वेळ चष्मा विसरतील, पण चाकू विसरणार नाहीत, असं लष्कर मोहल्ल्यात सगळे म्हणत. शिंगाच्या मुठीचा, घडीचा, बोटाएवढा चाकू. पेरू कापायला, सुतळी तोडायला आणि मॉलच्या दारात पकडलं जायला. दर वेळी रखवालदार हटकायचा आणि सून वनजा शरमेनं लाल व्हायची.

म्हणून नातू पुनीतच्या लग्नाच्या सकाळी तिनं सासऱ्यांचे खिसे स्वतः तपासले.

"मामंजी, व्याह्यांपुढं शोभा बेडा, अजिबात नको. सापडला तर केआरएस धरणात टाकीन, सांगून ठेवते!"

खिसे रिकामे निघाले. चाकू फेट्यात होता. सुनेला फसवल्याचं अंबाजीरावांना वाईट वाटलं, पण फार नाही.

मंडपात अंतरपाट धरला गेला आणि भटजींनी विचारलं, "नवरदेवाची कट्यार कुठाय?"

नवऱ्याच्या हातात लिंबू खोचलेली कट्यार हवीच. घराणी सगळी जुन्या शिपायांची, पण साऱ्या भाऊबंदांत कट्यार एकच उरलेली. ती सांभाळायचे अंबाजीराव, आणि मागायला येईल त्याला 'हो' म्हणायचे. आजच्या मुहूर्ताला त्यांनी दोन घरांना 'हो' म्हटलं होतं. पुतण्या शरत पहाटेच ती दुसऱ्या लग्नाला, कडकोळला घेऊन गेला होता.

"कडकोळला!" वनजा मटकन खाली बसली. "अय्यो, मुहूर्त टळतोय की हो!"

पुनीत हातात नुसतं लिंबू धरून आजोबांकडे बघत राहिला. चाकू काढला तर तो धरणात जाणार. पण नातवाचं ते तोंड अंबाजीरावांना बघवेना. त्यांनी फेट्याला हात घातला. फेटा भराभर सुटत भटजींच्या खांद्यावर गेला आणि चाकू टण्णकन आहेराच्या ताटात पडला.

मग अंतरपाटामागून नवरी चंदना फिस्सकन हसली, आणि व्याह्यांसकट अख्खा मंडप हसत सुटला. पुनीतनं पातं उघडून लिंबू खोचलं. लिंबापुढं पातं दिसेचना. मंगलाष्टकं म्हणता म्हणता भटजींना दोनदा ठसका लागला.

जेवणं उरकल्यावर वनजा आली. चाकू धुऊन, पदरानं पुसून आणलेला. अंबाजीरावांनी घाबरत विचारलं, "धरणात?"

तिनं तो त्यांच्या खिशात घातला आणि वरून थोपटला. "आता घरी ठेवून या तर खरं! पुढच्या मुहूर्तालाही दोघांना 'हो' म्हणालाय, अल्वा, हो ना?"

"छे, छे," अंबाजीराव म्हणाले.

तिघांना म्हणाले होते.