नाइबोरचं वासरू

वाळूतल्या विहिरीवर नारेयोची आणि तिच्या दिराची गुरं एकमेकांत मिसळली, त्या दिवसापासून नाइबोर हंबरत होती. तिचं वासरू परत आलंच नव्हतं, आणि वासरू पुढ्यात नसेल तर ही गाय दुधाचा थेंब सोडत नसे. नवऱ्यामागे नारेयोकडे उरलेली ही एकच दुभती गाय. घरात तान्ही लेक होती आणि दूध साठवायचा भोपळा कोरडा ठणठणीत पडला होता.

वासरू दिराच्या, लेमार्कातच्या कुंपणात आहे याची नारेयोला खात्री होती. लेमार्कातनं कानांवर हात ठेवले.

"तरसानं नेलं असेल गं वहिनी. माझ्याकडची सगळी माझीच आहेत."

"मग दाखवा की, भाऊजी."

"दाखवू म्हणजे मोजू? गुरं मोजायची, आणि उद्या घरात कुणी गेलं की छाती बडवायची?"

महाबिलंदर माणूस! सांबुरू गुराख्यांच्यात गुरं कुणी मोजत नाही, मोजली की नजर लागते. त्या रिवाजाआड एखादं वासरू सहज दडवता येतं, हे त्यानं बरोबर हेरलं होतं. नारेयो तडक वस्तीतल्या म्हाताऱ्या लेइतोरेकडे गेली. लेमार्कातही मागोमाग आला.

"आजोबा, मोजणी नकोच मला. दोन्ही घरच्या दुभत्या गाई एका कुंपणात बांधा आणि वासरं एकेक करून सोडा. प्रत्येक वासराला आई एकच. यंदा जुळी कुणाला झाली नाहीत, तेव्हा एका गाईपाशी दोन वासरं जायची नाहीत. शेवटी जी गाय रिकामी राहील, तिचं वासरू गेलं. माझी राहिली तर पुन्हा तोंड उघडणार नाही मी."

"त्यापेक्षा गाईंनाच विचारा ना," लेमार्कात म्हणाला. "गाय ज्याला चाटेल ते तिचं."

"गाईला फसवता येतं, भाऊजी. वासराला नाही."

लेइतोरेनं काठी आपटली. "वासरंच सोडू. आणि हाका कुणी मारायच्या नाहीत."

सकाळी सगळी वस्ती जमली. एकेक वासरू शेपटी उडवत सुटे आणि नेमकं आपल्या आईला जाऊन ढुशा देई. होता होता वासरू उरलं एक आणि गाई उरल्या दोन: नारेयोची पांढरी नाइबोर आणि लेमार्कातची काळी नारोक. नारेयोनं ओठ घट्ट मिटून घेतले.

वासरू आधी नारोककडे दोन पावलं गेलं. मग नाइबोर हंबरली तसं ते गर्रकन वळून तिच्याकडे धावलं. नाइबोरनं त्याला हुंगलं आणि लाथ झाडली.

"बघा!" लेमार्कात खदाखदा हसला. "आईच म्हणतेय, हे माझं नव्हे!"

लोकही हसले. नारेयो हटली नाही. वाकून तिनं वासराची पाठ हुंगली. मिठाचा आणि ओल्या कातड्याचा वास आला. ती घरात गेली आणि पहाटे विहिरीवरून आणलेलं दिवसभराचं पाणी घेऊन आली.

"अगं, प्यायला काय राहील?" बायका ओरडल्या.

"दूध," ती म्हणाली, आणि तिनं सगळं पाणी वासराच्या पाठीवर ओतून ते खसाखसा चोळलं. नाइबोरनं पुन्हा हुंगलं. मग ती त्याला असं काही चाटू लागली की वासराला धड उभं राहवेना. नारेयोला रडू आवरलं नाही, आणि तिनं आवरलंही नाही.

नारोक एकटीच उरली होती.

"कातडं आण," लेइतोरे लेमार्कातला म्हणाला. मान खाली घालून त्यानं घरातून नारोकच्या मेलेल्या वासराचं कातडं आणलं. हेच नाइबोरच्या वासराच्या पाठीवर बांधून त्यानं नारोकला भुलवलं होतं.

इकडे नारोकची कास तटतटली होती आणि ती कळवळून हंबरत होती. नारेयोनं दिराच्या हातातून कातडं घेतलं, त्यात गवत भरलं आणि ते नारोकच्या पुढ्यात ठेवलं. नारोक ते चाटू लागली, तिला पान्हा फुटला.

"घ्या, भाऊजी, हे तुमचं," नारेयो म्हणाली. "आता एकही गाय रिकामी नाही."