मालिएची झेंड्यांची गोधडी

मी एक गोधडी आहे. हवाई बेटांवरच्या हिलो गावात मालिए नावाच्या बाईने मला शिवली. गोऱ्या बागायतदारांनी अमेरिकी बंदुकांच्या जोरावर आमच्या राणीला गादीवरून खाली ओढलं, त्या वर्षी. माझ्या मध्यभागी राजमुकुट आणि चारी बाजूंना देशाचे झेंडे. बाहेर झेंडा अजून तोच फडकत होता, पण किती दिवस फडकेल, हे कोणी सांगत नव्हतं.

मालिएचा नवरा नाहिनू बंदरावरच्या जकात कचेरीत शिपाई होता. सकाळी झेंडा चढवायचा, संध्याकाळी उतरवायचा, हे त्याचंच काम. नव्या सरकारशी इमान राखण्याची शपथ घ्या, नाहीतर घरी बसा, असा हुकूम निघाला. नाहिनूने मान खाली घालून शपथ घेतली. तेव्हापासून त्याचं मालिएशी बोलणं कामापुरतंच उरलं. बहुतेक रात्री तो खाली चटईवर झोपू लागला.

पाच वर्षांनी अमेरिकेची स्पेनशी लढाई जुंपली. अमेरिकी जहाजांना वाटेत कोळसा भरायला जागा हवी होती. आमच्या हजारो माणसांनी सह्या करून आम्हाला अमेरिकेत जोडू नका म्हणून कळवलं होतं, तरी त्यांनी बेटं गिळलीच.

ऑगस्टमध्ये झेंडा बदलायचा दिवस ठरला. मालिएचे दिवस भरत आले होते. मूल आपल्या झेंड्याखालीच जन्मावं, म्हणून तिने मला पलंगाच्या खांबांना छतासारखी बांधली. त्या सकाळी नाहिनू दारात घुटमळला.

"मी नाही उतरवला तर दुसरा कोणीतरी उतरवेल," तो म्हणाला.

"मग उतरवू दे की दुसऱ्याला."

तो गेला. गावाने दारं लावून घेतली होती. दुपारी मालिएला कळा सुरू झाल्या. नाहिनू परतला तो बाहेर ओट्यावरच बसून राहिला. सुईण पुआलामावशीने त्याच्याशी बोलून आत येऊन सांगितलं, की झेंडा अर्ध्यावर अडकला होता. ओढून ओढून नाहिनूचे तळवे सोलले, आणि नवे साहेब उभे राहून हसत होते.

मुलगी झाल्यावर मालिए म्हणाली, "मावशी, त्याला आत बोलव. पण म्हणावं, आधी वर बघ."

नाहिनूने वर माझ्याकडे पाहिलं. मग लेकीला घेण्याआधी तो सदऱ्याला हात पुसत राहिला, कितीतरी वेळ. मालिएने लेक त्याच्या हातात दिली, पण त्याच्याकडे बघितलं नाही.

नोकरी त्याने सोडली नाही. लेक शाळेत गेली, तिथे आईची भाषा बोलली म्हणून छड्या खाऊन आली. पुढे ती घरीही इंग्रजीच बोलू लागली. म्हातारपणी मालिए आपल्याच ओट्यावर परक्यासारखी बसायची.

आज मी त्या लेकीच्या नातीकडे भिंतीवर आहे, काचेआड. पाहुणे माझे टाके न्याहाळतात, रंगांचं कौतुक करतात. नातही हसून मान डोलावते. मालिए माझ्यापाशी बसून जे पुटपुटायची, ते मला अजून पाठ आहे; पण ऐकवलं तरी या घरात ते कोणाला कळणार नाही. मला सुंदर म्हणा, हरकत नाही. फक्त त्याआधी एकदा विचारा, त्या नवराबायकोत हा अबोला कोणी आणला?