झूमानाची दोरी

कोन्याबुगूची मशीद लिंपायचा दिवस म्हणजे अर्धा सण आणि अर्धी मारामारी. पावसाआधी एकदा साऱ्या गावाने नदीकाठची माती, भाताचा कोंडा घालून कुजवलेली, टोपल्यांनी आणायची आणि मशिदीच्या भिंतींवर थापायची. त्या दिवशी झूमाना त्राओरे हा म्हातारा गवंडी सावलीत स्टुलावर बसून सगळ्यांना शिव्या घालायचा. तो त्याचा हक्कच होता. एक्कावन्न वर्षांपूर्वी, पंचविशीत असताना, ही मशीद त्याने बांधली होती. पुढे घरं बांधली, धान्याची कोठारं बांधली. पण आयुष्यात काय केलंत असं कुणी विचारलं, की तो हनुवटीने मशिदीकडे दाखवायचा.

यंदा नेमकं त्याच दिवशी ते झालं. इमाम बुरामांचा पुतण्या इद्रिसा शहरातल्या शाळेत मास्तर आहे. लिंपायला म्हणून आला होता. हात धुऊन आत गेला, खिशातून फोन काढला आणि मक्केची दिशा दाखवणारा बाण बघत उभा राहिला. मग बाहेर येऊन बघितलं. परत आत गेला. शेवटी चुलत्याजवळ जाऊन त्याच्या कानाशी लागला.

"काका, मशीद उजवीकडे गेलीय. मक्का इथून बरीच डावीकडे आहे."

गावात कानाशी लागून बोललेलं सगळ्यात आधी पसरतं. कुणी म्हणालं, मास्तराच्या फोनमध्ये चिखल गेला असेल. सगळे हसले. मग दुसरा फोन आला, तिसरा आला. तिन्ही बाण एकाच जागी थांबले, तेव्हा हसणं बंद झालं. सगळ्यांनी एकदा झूमानाकडे बघितलं आणि मग कुणीच बघेना.

झूमानाला तिसऱ्या फोनची गरज नव्हती. त्याला ती सकाळ आठवली होती. थंडीचे दिवस, कारण कापणी संपल्याशिवाय गड्यांचे हात मोकळे होत नाहीत आणि पावसात माती सुकत नाही. तेव्हाचे इमाम तापाने फणफणलेले. अंथरुणातूनच म्हणाले होते, "सूर्य उगवतो ती बाजू समोर घे, पोरा." झूमाना घोंगडी पांघरून माळावर उभा राहिला, सूर्य वर आला, त्याने दोन खुंट्या ठोकल्या आणि दोरी ताणली. थंडीत सूर्य पार सावरीच्या झाडापलीकडून उगवतो आणि लिंपणाच्या दिवसांत होडीच्या धक्क्यावरून, हे शेतकऱ्याच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. झूमानालाही ठाऊक होतं. पण एवढं मोठं काम आपल्याला मिळालं याचाच त्या सकाळी इतका आनंद होता, की डोकं चाललंच नाही.

इमाम बुरामांनी सगळ्यांना मातीच्या हातांनीच खाली बसवलं. "आपण मनापासून दिशा शोधली होती," ते म्हणाले. "पढलेली नमाज पढलेली आहे. एकही परत पढायची नाही. आजपासून चटया फिरवायच्या, बस्स." लोकांचा जीव भांड्यात पडला. चटया फिरल्या. रांगा तिरक्या झाल्यामुळे खांब मध्ये यायला लागले, आणि तिसऱ्या दिवसापासून जागेवरून भांडणंही सुरू झाली. म्हणजे गावाचं ठीक चाललं होतं.

झूमाना मात्र घरी गेला तो मशिदीत आलाच नाही. घरीही त्याची नमाज होईना. हातपाय-तोंड धुऊन, वजू करून तो चटईवर उभा राहायचा, हात उचलायला जायचा आणि हात उचलले जायचे नाहीत. थोडा वेळ तसाच उभा राहून खाली बसायचा. पन्नास वर्षांत तापातसुद्धा न चुकलेला माणूस. सून नाबिन्तू दाराआडून बघायची आणि बाजरीच्या उकडीचं भरलेलं ताट तसंच उचलून न्यायची.

इमाम दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळी झूमाना बोलला.

"इमामसाहेब, जिवंत माणूस चटई फिरवतो. माती दिलेल्यांना कोण फिरवणार?"

मेलेल्याला उजव्या कुशीवर, मक्केकडे तोंड करून ठेवतात, आणि कोन्याबुगूत कबर खणणारे दिशा घेत ती मशिदीच्या भिंतीवरून. दोनेकशे माणसं त्या भिंतीच्या भरवशावर झोपली होती. त्यांत झूमानाची बायको कोरोतूम होती, चार वर्षांपूर्वी गेलेली.

"कबरी उकरायच्या नसतात," इमाम हळूच म्हणाले. "अल्ला दयाळू आहे."

"तुम्हीच दर शुक्रवारी सांगता, की माणसाला त्याने जन्माला घातलं ते त्याची भक्ती करायला. दुसरं काम नाही. त्या एका कामात मी सगळ्या गावाला भलतीकडे उभं केलं. आणि तिला तर आडवं केलंय. तिला आता कूसही बदलता येत नाही."

इमाम उठले आणि चपला घालून निघाले. चांगला माणूस होता, पण चांगल्या माणसांनाही सगळं सुचतं असं नाही.

दहाव्या दिवशी मोलोबाली जारा आला. हा नावाडी, झूमानाहून चार वर्षांनी मोठा, इतके दिवस नदीपलीकडे लेकीकडे होता. त्राओरे आणि जारा या दोन कुळांत थट्टेचं नातं. एकाने दुसऱ्याला वाटेल ते बोलावं, रागवायची सोय नाही. मयताच्या दारातसुद्धा नाही. मोलोबाली उंबऱ्यावर टेकला आणि त्याने नाबिन्तूला चहा टाकायला सांगितला.

"ऐकलं ते खरं का रे? मक्का हरवलीस म्हणे."

झूमाना चटईची काडी उपटत राहिला.

"तुम्हा त्राओरेंना चवळीचा वाफा सरळ काढता येत नाही. मशीद वाकडी निघाली, यात बातमी ती काय? मी तर म्हणतो भिंती उभ्या राहिल्या हेच नवल."

चुलीपाशी नाबिन्तूने तोंडाला पदर लावला. यावर झूमानाने 'गप बस, चवळीखाऊ' म्हणायचं असतं. साठ वर्षं म्हणत आला होता. आज म्हणाला नाही. तेव्हा मात्र मोलोबाली घाबरला. त्राओरेने जाराला उलट उत्तर द्यायचं सोडलं, म्हणजे माणूस खरंच बुडत होता.

तो सरकून जवळ बसला. "कोरोतूमचं लागलंय ना तुला?"

झूमानाने मान डोलावली.

"शेवटचे सात महिने ती कुठे निजायची?"

"कशाला विचारतोस? तुला माहीत आहे."

"माहीत आहे. पण तू सांग."

"आतल्या खोलीत. डावं अंग गेलं होतं. धान्याच्या रांजणांकडे तोंड करून निजायची. तेवढीच एक कूस सोसायची तिला."

"आणि मक्का?"

"पाठीमागे."

"ती म्हणायची, मला वळवा, नमाज पढायची आहे. तू दोनदा वळवलीस. दोन्ही वेळा किंचाळली बिचारी. तिसऱ्यांदा तू काय म्हणालास? मी इथेच बसलो होतो, याच उंबऱ्यावर, खोटं बोलू नकोस."

झूमाना जमिनीकडे बघत म्हणाला, "म्हणालो, आहेस तशीच पढ. तो काय एकाच दारात उभा आहे?"

"तिचं मन राखायला खोटं सांगितलंस?"

"नाही." झूमाना एकदम वर बघून म्हणाला. "खोटं नव्हतं ते."

"सात महिने ती रांजणांकडे तोंड करून पढली. तेव्हा तो रांजणांपाशी येत होता, आणि आता कबरीत त्याला ती सापडत नाही? तुझी दोरी चुकली म्हणून? एवढी लांब होती का रे तुझी दोरी?"

झूमाना रडला. दहा दिवस न आलेलं रडू आलं, नाकातोंडातून, लहान पोरासारखं. नाबिन्तू चहा घेऊन आली ती तशीच मागे वळली. मोलोबालीने त्याला रडू दिलं, मग कोपराने ढोसलं.

"जरा हळू. गाव म्हणेल, जाराने त्राओरेला बडवला."

"गप बस, चवळीखाऊ," झूमाना नाक पुसत म्हणाला.

मोलोबालीने डोळे मिटून घेतले. "नाबिन्तू, आण आता चहा. साखर जास्त घाल."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या नमाजेला झूमाना मशिदीत होता. तिरक्या रांगेत, खांबाला खेटून उभा राहिला. हात उचलायची वेळ आली आणि हात उचलले गेले. त्याने कपाळ टेकलं ते सगळ्यांच्या मागून वर काढलं. शेजारच्याने सरकून थोडी जागा दिली.

नमाज झाल्यावर त्याने घरून दोन खुंट्या आणि दोरी आणली. अजून गावातच असलेल्या इद्रिसाला फोन धरायला लावला आणि मशिदीच्या अंगणात उभा राहिला. सूर्य होडीच्या धक्क्यावरून वर आला, बाणाच्या अगदी टोकावर. एक्कावन्न वर्षं दर लिंपणाच्या सकाळी तो तिथूनच उगवत होता, आणि झूमाना त्याच्याकडे पाठ करून लोकांना शिव्या घालत होता. त्याला स्वतःचंच हसू आलं. त्याने आतल्या जमिनीवर ओल्या मातीत रांगेची सरळ रेघ आखून दिली, म्हणजे निदान भांडणं तरी मिटतील.

मग दोरी गुंडाळून तो कबरस्तानात गेला. मोलोबाली काठी टेकत मागोमाग. कोरोतूमच्या शेजारी जागा मोकळी होती. झूमानाने तिथे नवी दिशा धरून दोरी लावली.

"माझी या रेघेवर खणायची. इमामांना सांगून ठेव."

मोलोबालीने एक डोळा मिटून दोन्ही दिशा ताडून पाहिल्या. "म्हणजे तिचं तोंड तिकडे आणि तुझं इकडे."

"हो."

"बरंय. चाळीस वर्षं खाटेवर तसेच तर निजायचात. तू घोरतोस म्हणून ती तोंड फिरवून निजायची, माझ्या बायकोला सांगायची ती."

झूमानाने खुंटीवर दगड उगारला होता, तो खाली घेतला. खुंटी उपटली, वीतभर कोरोतूमच्या बाजूला सरकवली आणि मग ठोकली.