तीन तळ्यांच्या फेऱ्यातला शेवटचा बाण

मित्रांनो, मी एक जुना, गंजलेला पत्र्याचा बाण आहे. बोरिवलीच्या पूर्वेच्या जंगलात, तिसऱ्या तळ्याच्या बांधापाशी ऐनाचं एक झाड आहे. त्याच्या खोडावर मला दोन खिळ्यांनी ठोकलेलं आहे. झाडाची साल माझ्या कडांवर चढत चालली आहे. ती मला पुरतं झाकून टाकायच्या आत एक गोष्ट सांगून मोकळं व्हावं म्हणतो.

जन्मानं मी तेलाचा डबा. मला बाण केलं ते धाकू घाडीनं. धाकू गिरणीत मागावर होता. ब्याऐंशी साली संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. वीस वर्षांचं काम हातातून गेल्यावर दिवसाढवळ्या घर त्याला खायला उठायचं. मग तो उठून जंगलात चालायला जाऊ लागला. रविवारी चाळीतले शेजारी विद्याधर सबनीसही सोबत येत. ते अंधेरीला एका ऑफिसात कारकून होते. भित्रे, पण मनानं निर्मळ.

या दोघांनी मिळून एक फेरा शोधून काढला. शेंदूर लावलेल्या वाघोबाच्या दगडापासून निघायचं, थोडं चढायचं, एकामागून एक तीन तळी बघायची आणि फिरून वाघोबापाशीच यायचं. अडीच तासांची चाल. धाप लागते, पण म्हाताऱ्यांनाही जमते. एकदा दोघे वाट चुकले, तेव्हा धाकूनं चाळीतले रिकामे डबे गोळा करून नऊ बाण कापले. सगळ्यांना पिवळा रंग दिला. मी नववा, म्हणजे शेवटचा. माझ्यापासून वाघोबा जेमतेम दहा मिनिटांवर.

"बाण एकाच बाजूला कशाला रे?" विद्याधरनी विचारलं होतं. "फेराच आहे ना? कुठूनही फिरलं तरी तिथंच येणार."

"असा कसा?" धाकू म्हणाला. "देव उजव्या हाताक व्हयो. तळां पण उजव्याच हाताक. उलटी प्रदक्षिणा कोण घालता?"

विद्याधरना ते पटलं. सगळ्यांनाच पटलं. पुढं चार वर्षं या वाटेनं कितीतरी माणसं गेली, पण माझ्या समोरून येणारा एकही माणूस मी पाहिला नाही. सगळे माझ्या शेपटीकडून येत आणि टोकाकडे निघून जात.

ते माझे सुखाचे दिवस होते. रविवारी चाळीतली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं यायची. अनुपमाबाई नावाच्या शिक्षिका शाळेची चाळीस मुलं घेऊन आल्या, तेव्हा माझ्याखाली उभ्या राहून म्हणाल्या, "या बाणांमुळे माझं एकही पोर हरवलं नाही हो!" धाकू लाजून हसला. संपानंतर त्याला कोणी शाबासकी दिली असेल तर ती तेवढीच. आणि मी? मी तर चढेलच झालो. वाट दाखवणारा म्हणजे आपण, असं मला वाटायला लागलं.

शहाऐंशीच्या श्रावणात अनुपमाबाई पुन्हा मुलं आणणार होत्या. पावसानं आमचा रंग उडाला होता. चार दिवस झोडपून पावसानं उघडीप दिली, तशी धाकू सकाळीच रंगाचा डबा घेऊन एकटा निघाला. आठ बाण रंगवून माझ्यापाशी पोचला तेव्हा पुन्हा भरून आलं होतं. "तुझा झाला की घरी जेवूक," असं मला म्हणत तो एका दगडावर चढला. माझी शेपटी रंगवून झाली आणि त्याचा पाय शेवाळावरून सटकला.

मांडीचं हाड मोडलं. रक्त वाहू लागलं. सरपटायचा त्यानं प्रयत्न केला, पण चार हातांपलीकडे त्याला जाता येईना. वर पाऊस कोसळायला लागला. तिसरं तळं भरून सांडव्यावरून असं गर्जत होतं की धाकूची हाक त्याची त्यालाच ऐकू येत नसेल.

दुपार टळल्यावर वाऱ्याबरोबर एका बाईची हाक आली. "अहोऽ!" धाकूनं डोळे उघडले. "वनमाला इली," तो म्हणाला. वनमाला त्याची बायको. ती वाघोबापाशी उभी होती. आणि धाकूनं काय केलं माहीत आहे? कसाबसा वळून त्यानं तोंड माझ्या शेपटीकडे केलं. माणसं त्याच बाजूनं येणार ना! पडल्या पडल्या तो हिशेब करत होता. "आता पयल्या तळ्याकडे असतले... आता दुसऱ्याकडे पोचले..."

त्याचा हिशेब बरोबर होता. मला मागाहून कळलं, विद्याधर चाळीतली चार माणसं घेऊन दुसऱ्या तळ्यापर्यंत आलेही होते. पुढचा ओढा छातीभर पाण्यानं धावत होता. उतरायची सोय नव्हती. ते आल्या वाटेनं परत फिरले.

मित्रांनो, मला टोक आहे, पण तोंड नाही. ओरडता आलं असतं तर मी पत्रा फाटेपर्यंत ओरडलो असतो. मी वाट दाखवत राहिलो, वाघोबाकडे, वनमालाकडे, आणि ते बघायला माझ्यापुढं कोणी नव्हतं.

उजाडलं तेव्हा पाणी ओसरलं होतं आणि धाकू गेलेला होता. माणसं आली, पुन्हा तोच सगळा फेरा घालून. त्याच्यापर्यंत पोचायला त्यांना जवळजवळ अडीच तास लागले. त्याला उचलून वाघोबापाशी न्यायला पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

पंधराएक दिवसांनी मी पहिल्यांदा समोरून माणसं येताना पाहिली. वनमाला पुढं होती आणि तिच्या मनगटावर धाकूचं घड्याळ होतं. मागून विद्याधर. झाडाखाली येऊन ती थांबली.

"अकरा मिनिटं, भावोजी," ती म्हणाली.

विद्याधर म्हणाले, "वहिनी, तुम्ही म्हणाला होतात, दुसऱ्या अंगानं जाऊन बघूया का. मीच म्हटलं, आज नको, आजच्या दिवशी तरी उलटा फेरा नको..."

"मी पण ऐकलं ना तुमचं," वनमाला म्हणाली. "देवाला उलटी फेरी घातली आणि त्यांचंच काही बरंवाईट झालं तर, असं वाटलं मला. तिथंच दगडाला हात जोडून बसले."

जाण्यापूर्वी विद्याधरनी खिशातून रंगाची लहान डबी काढली आणि माझ्या शेपटीवर, धाकूच्या हातच्या ताज्या पिवळ्यावर, लाल रंगानं दुसरं टोक काढलं. ते टोक वाकडंच आलं.

त्यानंतर फेरा मोडला. अनुपमाबाई मुलांना घेऊन आल्या नाहीत. चाळीतलं कोणी इकडे फिरकलं नाही. वाटेवर करवंदीच्या जाळ्या वाढल्या. आठ भावंडांपैकी काही गळून पडली असतील, काही चोरीला गेली असतील. मला कळायला मार्ग नाही.

मित्रांनो, बाण दाखवतो ती वाट खुशाल चाला. पण तुमचं माणूस वेळेवर घरी आलं नाही, तर बाणाकडे बघू नका, देवाला काय वाटेल म्हणून थांबू नका. जिकडून जवळ पडेल तिकडून धावा. उलटं फिरलं तर चालतं का, हे मला चार वर्षांत कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्या दिवसाआधी मलाही ठाऊक नव्हतं.

विद्याधरनी काढलेलं लाल टोक दोन पावसाळे टिकलं. तिसऱ्या पावसाळ्यात धुऊन गेलं. धाकूनं कात्रीनं कापलेलं टोक मात्र शाबूत आहे. ते अजून एकाच बाजूला दाखवतं.