अठ्ठावीसचे चार

लोकांच्या कामाचे तास मांडण्यात थोरलीचा जन्म गेला. धुलाईच्या कारखान्यात ती हजेरी बघायची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा घरीही तिने एक्सेलमध्ये तक्ता केला. आईपाशी कोण कधी आलं, कधी गेलं, आठवड्याची बेरीज किती. ‘उगाच कुणाच्या मनात किल्मिष नको,’ म्हणाली. झालं भलतंच.

दिवसा ती कामावर, म्हणून दुपारी भावजय यायची. येता-जाता फोनवर वेळ कळवायची, थोरली ती तक्त्यात भरायची. पहिल्या रविवारी बेरीज आली: थोरली चौदा, भावजय चार. थोरलीचं डोकंच फिरलं. धाकट्या भावासमोर, आत्यासमोर ती भावजयीला बोलली, "आठवड्याला चार तास? अगं, पाहुणीसुद्धा याहून जास्त बसते!"

"मी तर रोज येते, ताई."

"मग काय कॉम्प्युटर खोटं बोलतो?"

वर सात ओळी होत्या, रोजच्या चार-चार तासांच्या. पण बाईसाहेबांनी बेरीज बघितली, ओळींकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

त्या दिवसापासून भावजय चारला यायची, सहाला उठायची. रोज दोन तास, थोरलीइतकेच चौदा. उरलेली दुपार आई एकटीच. शेजारीण डोकावली की आई तिला विचारायची, "ती आली का गं?"

पुढच्या महिन्यात थोरलीने रजा काढली. सोमवार ते शनिवार रोज नऊ तास आईपाशी ठाण मांडलं, कंबरेचा पार भुगा झाला. रविवारी बेरीज बघते तर काय, सहा!

"सहा? माझे सहा?" ती एकटीच ओरडली. बोटांवर मोजले तर चोपन्न भरले. मग डोक्यात प्रकाश पडला. तक्ता तासांना घड्याळासारखं धरत होता, चोवीस झाले की पुन्हा शून्यापासून. कारखान्यातल्या तक्त्यात कुणीतरी चोवीसच्या पुढे मोजायची सोय करून ठेवली होती, हिच्या तक्त्यात नव्हती. म्हणजे भावजयीचे ते चार तास अठ्ठावीस होते. हिच्या दुप्पट! थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच संध्याकाळी भावजय आईची वेणी घालत बसली होती. थोरली तिच्यासमोर जमिनीवरच बसली.

"चुकलं गं माझं. तुझे अठ्ठावीस भरले होते. मी नुसती बेरीज बघितली आणि चारचौघांत तुला नाही नाही ते बोलले."

"असू दे, ताई." आवाजात राग नव्हता. राग असता तर थोरलीला बरं वाटलं असतं.

"आता पूर्वीसारखी ये ना. आई सारखी तुझी वाट बघते."

पेड घालता घालता भावजयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, अर्धी वेणी सोडली, कंगवा उशीवर ठेवला.

"सहा वाजले, ताई. लिहून घ्या."

दार लागलं. थोरलीने कंगवा उचलून आईच्या केसांना हात लावला. आईने मान बाजूला घेतली.

"राहू दे. ती येईल आत्ता."